इंजिनाचा चातुर्मास

हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने निर्मळ मागे टाकले आणि महबूब घाटाची वळणे चढून सागवानाच्या रानात शिरले, की पुढे नेरडीगोंडा, इच्चोडा अशी गावे एकामागून एक लागत जातात. आदिलाबाद शहर वीस-बावीस किलोमीटरवर उरले असताना उजव्या हाताला इंद्रवेल्ली-उटनूरकडे एक रस्ता फुटतो. तो फाटा ज्या गावाचा, ते गाव गुडीहत्नूर. लांबच्या बसमधला प्रवासी येथे सहसा उतरत नाही. ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली, तर तो खिडकीतून पाटीवरचे नाव वाचतो आणि पुन्हा डोळे मिटतो.

'गुडी' म्हणजे तेलुगूत देऊळ. मराठी कानाला मात्र या नावात पाडव्याची गुढीच ऐकू येते. आठवड्याच्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, दखनी आणि लमाणी अशा पाच बोली एकाच तराजूभोवती नांदत असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमेची रेघ सरकली, तरी माणसे आपापल्या शेतांवरच राहिली. येथली मराठी घरे कोठून आलेली नाहीत. ती येथलीच आहेत.

येथे पाहण्यासारखे काय, असे पाहुणे विचारतात. कुंटाल्याचा धबधबा आहे, पोचेऱ्याचा आहे, केस्लापूरची नागोबाची जत्रा आहे. परंतु आज आम्हाला वाचकांना न्यावयाचे आहे ते एका शेतातल्या कोठीत. तेथे पाहावयाचे आहे एक झोपलेले इंजिन.

काळ्या मातीचा हा मुलूख कापसाचा, सोयाबीनचा आणि तुरीचा. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून मोकळा होतो. दसरा-दिवाळीनंतर हरभरा, गहू, भाजीपाला घ्यावयाचा, तर विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी उचलून शेतात आणावे लागते. ओढ्याला तेलुगूत 'वागू' म्हणतात आणि आमच्या मराठी शेतकऱ्यांच्या तोंडीही तो शब्द आता रुळला आहे. विजेचे खांब गावापासून वागूच्या काठापर्यंत पोहोचण्यापूर्वी हे पाणी उचलण्याचे काम ऑइल इंजिन करी. एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना जड चाके, पुढे हॅण्डल मारण्याचा दांडा, पट्ट्याने जोडलेला पंप, त्याची नदीत सोडलेली सक्शनची नळी आणि तिच्या टोकाला फूटवॉल. कार्तिकाच्या पहाटे धुक्यातून तीन-चार इंजिनांचे ठोके वेगवेगळ्या लयीत ऐकू येत. कोणाच्या शेताला पाणी चालू आहे, हे जाणकार माणूस अंथरुणात पडल्या पडल्या सांगे.

या यंत्राशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. सातारा रोडच्या कूपर कारखान्यात तर १९३० च्या दशकातच डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी इंग्लंडातील लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर संथ चालीची दणकट इंजिने गावोगाव पोहोचवली. सहा अश्वशक्तीचे लिस्टर इंजिन मिनिटाला अवघे साडेसहाशे फेरे घेई. त्याचा ठोका मोजता येई, म्हणून म्हाताऱ्यांना तेच अधिक आवडे.

या सर्व इंजिनांचा एक विशेष असा, की ज्या पाण्यावर ती काम करीत, तेच पाणी ती पीत. पंपाने वर उचललेल्या पाण्याची एक बारीक धार इंजिनाच्या अंगाभोवतीच्या पोकळीत फिरे आणि त्याला थंड ठेवी. समुद्रात चालणाऱ्या नौकेच्या पोटातील इंजिनाची रीतही हीच. तेही नौकेच्या तळातून समुद्राचे पाणी ओढून घेते, त्याने आपली उष्णता शांत करते आणि ते पाणी बाहेर टाकते. त्यामुळे ओढ्याकाठचे इंजिन आणि नौकेचे इंजिन ही सख्खी भावंडे म्हणावी लागतात. दोघांचे दुखणेही एकच असते. काम करताना ती सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ती काम थांबल्यावर, पोटात राहिलेल्या पाण्याने.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात आहेत. तेथील सरोवरे हिवाळ्यात गोठतात. ज्यांच्याजवळ लहानशी नौका असते, त्यांना शरद ऋतू संपण्यापूर्वी तिच्या इंजिनाची बांधाबांध करावी लागते. कारण शाळेच्या पुस्तकातले आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणी मात्र चार अंश सेल्सिअसपर्यंत आकसते आणि त्याखाली फुगू लागते. बर्फ होताना तर ते सुमारे नऊ टक्के अधिक जागा मागते. बिडाच्या ठोकळ्याच्या पोकळीत ते पाणी अडकलेले असले, तर ही जास्तीची जागा द्यावयाची कोणी? बीड वाकत नाही, तडकते. एका रात्रीच्या गारठ्याने इंजिनाला उभी चीर जाते आणि ती कळते वसंत ऋतूत, तेलात पाणी मिसळून त्याचा ताकासारखा पांढरा फेस झाला म्हणजे. म्हणून तेथे पोकळीतले पाणी काढून टाकतात आणि न गोठणारे ग्लायकॉलचे मिश्रण भरतात. पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा काढून ठेवतात, कारण त्याची पाती महिनोन्महिने एकाच बाजूला दबून राहिली, तर तशीच वाकडी होतात. बॅटरी घरात नेतात, तेल बदलतात, धुराड्याचे तोंड बुजवतात. मग नौका ताडपत्रीखाली वसंताची वाट पाहत राहते.

कोकणातही नौकेचे इंजिन झोपते, पण ते थंडीत नव्हे, पावसात. एका मे महिन्यात हर्णैच्या बंदरावर आम्ही हे पाहिले. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर मासळीचा लिलाव आणि तांडेल मंडळींच्या तोंडी एकच विषय, आगोटीचा. आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी. अलीकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करावयाची नसते. माशांच्या विणीचा तो हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. काही नौका खाडीत आश्रयाला जातात, काही ओंडक्यांवरून किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात. इंजिनात फिरलेले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागते, कारण वाळलेले मीठ हवेतला दमट ओलावा ओढून घेते आणि लोखंड खाते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, की पुन्हा त्याच इंजिनांवर भिस्त. भर समुद्रात ते बंद पडले, तर ढकलायला तेथे कोणी नसते.

हर्णैचा एक वयस्क खलाशी इंजिनाच्या पोटातून काळे तेल काढीत होता. आम्ही उगाच विचारले, "आता दोन महिने काम नाही, मग तेल आत्ताच कशाला बदलता? निघताना बदला की." त्याने वर न पाहता उत्तर दिले, "मळक्या कपड्यानं झोपवलं तर खरूज होते, गुरुजी." आम्ही आमचा व्यवसाय त्याला सांगितलेला नव्हता. प्रश्नावरूनच त्याने ओळखला असावा.

त्याच्या उत्तरात पुष्कळ शास्त्र आहे. डिझेल जळताना काजळी होते आणि डिझेलमधल्या गंधकाच्या अंशापासून, ओलाव्याशी संयोग होऊन, आम्ल तयार होते. ते तेलात उतरते. इंजिन रोज चालते तोवर उष्णतेने ओलावा उडून जातो आणि त्याचा उपद्रव फारसा जाणवत नाही. महिनोन्महिने स्थिर राहिलेल्या इंजिनात मात्र तेच मळके तेल बेअरिंगांना हळूहळू चरत राहते. म्हणून तेल निजवतानाच बदलावयाचे.

आता गुडीहत्नूरला परत येऊ. येथे पाणी गोठत नाही. तथापि हैदराबादच्या लोकांना आदिलाबादची थंडी ठाऊक असते. काही हिवाळ्यांत जिल्ह्यातील पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. पौषात, नागोबाच्या जत्रेच्या सुमारास, पहाटे वागूवरून वाफ निघत असते आणि इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा सोळा-सतरा पट दाबून तापवावयाची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडून पेटवावयाचा, ही त्याची युक्ती. जर्मनीत रुडॉल्फ डिझेलने ती १८९७ साली सिद्ध करून दाखवली. बीड आणि हवा दोन्ही गारठलेली असली, म्हणजे दाबूनही हवा पुरेशी तापत नाही. हॅण्डल मारून मारून माणूस घामाघूम होतो आणि इंजिन थंडच राहते. तेव्हा आमचे शेतकरी चुलीवर पाणी तापवून इंजिनाच्या पोकळीत ओततात आणि थोडा वेळ बिडी ओढीत बसतात. मग दोन फेऱ्यांतच ठोका पडतो.

थंडी हा आमच्या इंजिनाचा कामाचा काळ. फाल्गुन-चैत्रात वागू आटला, विहिरीचा तळ दिसू लागला, की त्याचे काम संपते. तेथपासून दसऱ्यापर्यंत सहा-सात महिने ते रिकामे. देव आषाढी एकादशीला झोपतात, इंजिन त्यांच्या कितीतरी आधी झोपी जाते. मध्ये येतो पावसाळा आणि त्याचे भय दुहेरी. वागूच्या काठावर राहिलेले इंजिन पुरात जाऊ शकते. जुलै २०२२ मध्ये कडेम धरणाच्या वरून पाणी वाहिले, ते याच डोंगराळ मुलखातल्या ओढ्या-नाल्यांनी नेलेले होते. दुसरे भय दिसत नाही. ते दमट हवेचे असते.

मृगाच्या आधी इंजिन निजवण्याची येथली रीत आम्ही एका वृद्ध मिस्त्र्याकडून पाहिली आणि लिहून घेतली. शाळेच्या फळ्यावर मांडावी इतकी ती क्रमवार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन शेवटचे एकदा चालवून चांगले तापवावयाचे. तापलेले तेल पातळ होते, गाळ तरंगता राहतो आणि बूच उघडताच सगळी घाण तेलाबरोबर निघून येते. थंड इंजिनातून काढले, तर तेल निघते आणि गाळ राहतो. नवे तेल भरून पुन्हा दोन मिनिटे चालवावयाचे, म्हणजे ते सांध्यासांध्यांत पोहोचते.

इंजिन निवल्यावर पोकळीतले पाणी. खालचा कॉक उघडला आणि पाणी आले नाही, तर पोकळी रिकामी आहे असे समजू नये. आमच्या वागूचे पाणी गढूळ. आतली काळी माती कॉकच्या तोंडाशी बसून बूच होते. तार घालून ते मोकळे करावयाचे, वरून स्वच्छ पाणी ओतून खाली नितळ येईतो धुवावयाचे आणि कॉक उघडाच ठेवावयाचा. मातीचा थर आत वाळला, तर भाजलेल्या विटेसारखा घट्ट होतो. पुढच्या हंगामात पाणी फिरते, पण थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि इंजिन आतल्या आत करपते. पंपातलेही पाणी काढावयाचे, फूटवॉल वर ओढून धुवावयाचा, पट्टा उतरवून खुंटीला टांगावयाचा.

तिसरी गोष्ट डिझेलची टाकी. ती काठोकाठ भरावी किंवा अगदी रिकामी करून पुसून ठेवावी. अर्धवट ठेवू नये. अर्ध्या टाकीत हवा असते आणि हवेत ओलावा. रात्री पत्रा गार झाला, की तो ओलावा आतून दव होऊन साचतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाते आणि पाणी व डिझेल जेथे मिळतात त्या पातळीवर सूक्ष्म जंतूंची बुळबुळीत साय धरते. हंगामाच्या पहिल्याच दिवशी हीच साय नळीत अडकते.

चौथी गोष्ट नाजूक आहे. नोझल उघडून सिलिंडरात दोन-तीन चमचे स्वच्छ तेल सोडावयाचे आणि दाब मोकळा करणारी कळ उचलून हॅण्डल सावकाश काही वेळा फिरवावयाचे. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांवर तेलाचा पापुद्रा धरतो. याच कड्या भिंतीला गंजून चिकटल्या, म्हणजे आपल्याकडे इंजिन 'जाम' झाले म्हणतात. नोझल परत बसवून, कळ खाली सोडून, हाताला दाब जाणवेल अशा ठिकाणी चाक आणून थांबवावयाचे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल मिटलेले असतात आणि बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

मग धुराड्याचे आणि हवा घेण्याच्या नळीचे तोंड तेलकट फडक्याने बांधावयाचे. ही काळजी अनाठायी वाटेल, पण कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला धुराड्याइतकी सुरेख जागा दुसरी नाही आणि उंदरांचे मतही तेच असते.

शेवटी जागा. इंजिन जमिनीवर ठेवू नये, लाकडी फळ्यांवर ठेवावे. वर गोणपाट टाकावे, प्लास्टिकने आवळून बांधू नये. प्लास्टिक पाऊस बाहेर ठेवते, पण आतला ओलावाही आतच कोंडून ठेवते. आणि ज्या कोठीत खताची पोती असतील, तेथे इंजिन मुळीच ठेवू नये. खत पाणी ओढून घेते, ओले होऊन पाझरते आणि खारट माशाइतकेच लोखंडाला बाधते. गावोगावच्या कोठ्यांत हीच दोन नेमकी शेजारी असतात, कारण कोठी एकच असते.

एवढे झाल्यावर मिस्त्री पुठ्ठ्याचा एक तुकडा हॅण्डलला सुतळीने बांधी. त्यावर वळणदार देवनागरी अक्षरांत लिहिलेले असे : 'तोंडे बांधली आहेत. पाण्याचा कॉक उघडा आहे. सोडल्याशिवाय हॅण्डल मारू नये.' सहा महिन्यांनी ही गोष्ट आपल्याला आठवेल, असा भरवसा त्याला स्वतःचाही नव्हता. त्याशिवाय त्याने सर्वांना एक व्रत लावून दिले होते. दर अमावास्येला कळ उचलून चाक दोन-चार फेरे फिरवावयाचे आणि पुन्हा दाबाच्या जागी आणून ठेवावयाचे. तेलाचा पापुद्रा ताजा राहतो आणि कड्या एकाच जागी बसून राहत नाहीत. अमावास्येला औत धरावयाचे नसते, माणूस घरी असतो आणि तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, म्हणून त्याने तो दिवस निवडला होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती विचारपूस असते. इंजिनाची निजानीजही त्याच जातीची आहे, एवढेच की त्याला शिंगे रंगवून मिरवता येत नाही. त्याचा मान खंडेनवमीला. त्या दिवशी गोणपाट निघते, फडके सुटते, पुठ्ठा उतरतो, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि पहिला ठोका ऐकायला घरातली पोरेसोरे जमतात.

हे सारे आज कशाला सांगावयाचे, असे कोणी म्हणेल. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज देण्याचे धोरण सुरू झाले. विजेची मोटर कळ दाबली की चालते. तिला तेल नको, हॅण्डल नको, धूर नाही. शेतकऱ्याच्या खिशाला आणि खांद्याला मिळालेला हा दिलासा कोणी कमी लेखू नये. पुष्कळांनी इंजिने भंगारात घातली, पुष्कळांची कोठीत तशीच राहिली. कोणी ती निजवली नाहीत. नुसती सोडून दिली.

काही वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात आमच्या परिसरात एक रोहित्र जळाले. दुसरे येऊन बसेपर्यंत बारा दिवस गेले. हरभरा नेमका फुलावर होता. त्या वेळचे एक पाणी चुकले, तर घाटे भरत नाहीत आणि मग पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले दाणे परत येत नाहीत. ओढ्याकाठच्या दोन शेजारी शेतांत दोन जुनी इंजिने होती. एक सधन शेतकऱ्याचे, तुलनेने नवे, निळ्या प्लास्टिकात घट्ट गुंडाळून खताच्या पोत्यांजवळ ठेवलेले. प्लास्टिक सोडले तेव्हा आतून थेंब गळत होते. दोन गडी हॅण्डलला लटकले तरी चाक हलेना.

दुसरे इंजिन एका विधवा बाईंचे होते. त्यांचे यजमान त्या वृद्ध मिस्त्र्याच्या हाताखाली काही दिवस राबलेले. ते गेल्यावर घरात मोटर आली, पण बाईंनी अमावास्येचा नेम सोडला नव्हता. आधी स्वतः आणि पुढे त्यांचा मुलगा, असे ते चाक वर्षानुवर्षे रिकामेच फिरत आले होते. शेजारचे लोक हसत असत. म्हणत, बाई इंजिनाला झोका देतात. त्या संध्याकाळी मुलाने फडकी सोडली, कॉक बंद केला, डिझेल भरले आणि हॅण्डल मारले. तिसऱ्या फेऱ्याला ठोका पडला.

चार रात्री त्यांनी आपले शेत भिजवले. पाचव्या दिवशी शेजारी बांधावर येऊन उभा राहिला. "वहिनी, पाच रात्री इंजिन द्याल का?"

"न्या ना भाऊ," बाई म्हणाल्या. "पन परत आनाल तवा तेल बदलून आना. आन् गरम असतानाच काढा."

दोन्ही शेतांतला हरभरा त्या वर्षी हाती आला. भाडे त्यांनी घेतले नाही. तेल मात्र बदलून आले आहे की नाही, हे त्यांनी काडी बुडवून, बोटांवर चोळून पाहिले.

तो मिस्त्री आता हयात नाही. त्याच्या हाताखाली तयार झालेला तरुण फाट्याजवळ मोटरसायकली दुरुस्त करतो. जुन्या इंजिनाचे बोलावणे आले, तर जातो आणि पुठ्ठाही बांधतो. मात्र त्याच्या पुठ्ठ्यावर वर तेलुगू असते आणि खाली मराठी, कारण आता शेतांचे गडी दोन्ही भाषांचे असतात. ही सोय आम्हाला आवडते. वाचणाऱ्याला कळावे, यासाठीच तर पुठ्ठा असतो.

राज्याच्या सीमेबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना या पुठ्ठ्यात आपली एक जुनी अडचण ओळखू येईल. शाळेची भाषा वेगळी, कचेरीची वेगळी, बाजाराची वेगळी. घरातल्या मराठीला दिवसाकाठी काम थोडे. रोज राबणाऱ्या भाषेची चिंता नसते, तिला तिचे कामच उजळून ठेवते. रिकाम्या भाषेला मात्र नेम लागतो. आजीला पत्र लिहिणे, रात्री मुलांना गोष्ट वाचून दाखवणे, महिन्याचे मासिक आले की जेवणानंतर त्यातले एक पान मोठ्याने वाचणे, हे सारे अमावास्येचे फेरेच आहेत. त्यांनी शेत भिजत नाही. पण कधीतरी मुलाला आपल्याच माणसांशी मनातले काही बोलावयाचे असते. त्या दिवशी शब्द जाम झालेले असू नयेत, इतके त्यांनी साधते.

वाचकांपैकी कोणी या बाजूने प्रवास करणार असेल, तर कार्तिक ते पौष या काळात यावे. निर्मळला लाकडी खेळणी घ्यावीत, कुंटाल्याला पाणी असते ते पाहावे आणि गुडीहत्नूरच्या फाट्यावर चहासाठी नुसते थांबण्याऐवजी एक रात्र मुक्कामाला उतरावे. शाल नक्की आणावी. पहाटे उठून वागूच्या बाजूला कान द्यावा. बहुतेक वेळा मोटरीचा बारीक गुणगुणाट तेवढा येईल. पण जेथे खांब पोहोचलेला नाही, अशा एखाद्या शेतातून अजूनही धुक्यातून ठोका येतो. तो ऐकू आला, तर चहाच्या टपरीवर विचारावे, इंजिन कोणाचे म्हणून. टपरीवाला नाव सांगेल.